बातम्यांचा भटारखाना

चित्रात नऊ माणसं होती आणि मधोमध एक भलंमोठं पातेलं. पातेल्याखाली जाळ, जाळावर धूर, आणि धुरात वर्तमानपत्रांचे कपटे उडत होते, हुरड्याच्या शेतावर पाखरं उठावीत तसे.

"हे स्वयंपाकघर आहे," मोरितासान म्हणाल्या. "पण शिजतंय काय ते बघा."

कश्मिरा चौकटीवर वाकली. उंच टोपीचा आचारी डावीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या शेजारचा हातभर लांब कात्रीनं छापील कागद चिरत होता, मेथी चिरावी तसा. एकजण घागरीनं पातेल्यात पाणी ओतत होता. एक चष्मेवाला हाडकुळा माणूस बुटक्या स्टुलावर बसून ताटलीत काहीतरी टोचत होता. एकजण मेलेल्या बदकात पंपानं हवा भरत होता. एक गुडघ्यावर बसून भाता चालवत होता. मग मीठवाला, मग ताटं घेऊन पळणारा वाढपी. आणि पार उजवीकडे, गळ्याला रुमाल बांधून, डोळे मिटून, आ वासून बसलेला एक गुबगुबीत गृहस्थ.

"पॅरिसचं दिसतंय," कश्मिरा म्हणाली. "पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. दगडावर चित्र काढून छापायचे तेव्हा. तिथे विनोदी वर्तमानपत्रं निघायची, आणि ती इतर वर्तमानपत्रांचीच खोडी काढायची."

"एका सासूनं दुसऱ्या सासूची काढावी तशी," मोरितासान म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मान हलवत बसल्या.

कश्मिरा मूळची पुण्याची. कागद पिवळा का पडतो, किती वर्षांत पडतो, हे शोधण्यात तिची सहा वर्षं तोक्योच्या विद्यापीठात गेली होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी विद्यापीठ आजूबाजूच्या लोकांसाठी खुलं असे. कश्मिराच्या टेबलावर पाटी होती, 'घरातले जुने कागद दाखवा'. लोक आजीची पत्रं आणत, शाळेचे दाखले आणत. मोरितासान शहरातल्याच कोतो भागातून आल्या होत्या, चाकांची पिशवी ओढत. वय सत्त्याऐंशी, पाठ वाकलेली, डोक्यावर लोकरीची निळी टोपी.

"माझ्या वडिलांचं आहे हे," त्या म्हणाल्या. "ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. युद्धाच्या काळात. तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा आमचं वर्तमानपत्र रोज लढाई जिंकायचं."

"आणि नंतर?"

"नंतर त्यांनी नोकरी सोडली. मी आठ वर्षांची होते. ते रोज संध्याकाळी हे चित्र बाहेर काढून बसायचे आणि हसायचे. मोठ्यानं नाही. नाकातून. शिंक अडकल्यासारखं. मी एकदा विचारलं, बाबा, कशाला हसता? तर म्हणाले, 'यातला सहावा मी.' बस्स. पुढे एक शब्द नाही."

मोरितासाननी बोट काचेवर टेकवलं आणि डावीकडून मोजत नेलं. एक, दोन, तीन. सहाव्यावर ते थांबलं. भातेवाला.

"आता मला सांगा, हा जाळ वाढवतोय, की रस्सा उतू जाऊ नये म्हणून वाफेवर वारा घालतोय? भाता बघा. धड जाळाकडेही नाही आणि धड पातेल्याकडेही नाही. ऐंशी वर्षं होत आली, मी बघतेच आहे."

चित्राखाली ओळी असायच्या, कश्मिरा म्हणाली. प्रत्येक माणूस कोण, ते लिहिलेलं असायचं.

"होत्या. वडिलांच्या एका मित्राला फ्रेंच यायचं, त्यानं त्यांना वाचून दाखवल्या होत्या. वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची. चौकट करायला दिली. दुकानदार म्हणाला, तयार चौकटीत मावत नाही, खालची पट्टी कापू का? मी म्हटलं, कापा. परकी अक्षरं, कोण वाचणार आहे!"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी वृद्धाश्रमात राहायला जातेय. खोली छान आहे. पण भिंत एकच मोकळी, आणि तिला काही टांगायला आकडाही एकच. त्या आकड्यावर वडील येणार की नाही, ते मला ठरवायचंय. जाळ घालणारा माणूस मला उशाशी नको. तेवढं एक कळलं की मी मोकळी."

कापलेली पट्टी साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानाच्या केरात गेलेली. कश्मिरानं उगीच चौकटीभोवतीचा जाड, मऊ कागद उलगडला. किमोनो घडी करून ठेवायचा कागद होता तो.

"तो टाकूनच द्यायचाय," मोरितासान म्हणाल्या. "सोमवारी आमच्याकडे जुने कागद न्यायला गाडी येते. वडील चित्र त्यातच ठेवायचे, म्हणून आपलं..."

"किती वर्षं ठेवत होते?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

कश्मिरानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. आतल्या अंगाला फिकट तपकिरी डाग होता. डागाला पातेल्याचा आकार होता. आणि पातेल्याच्या खाली, मुंग्यांची रांग पुसून जावी तशा, ओळी होत्या.

"मोरितासान," ती म्हणाली, "हा कागद सोमवारी देऊ नका. मला द्या."

छापाच्या शाईत तेल असतं. ते वर्षानुवर्षं समोरच्या कागदात उतरत राहतं. एका कागदानं दुसऱ्याच्या कानात सांगितलेली गोष्ट असते ती, फक्त उलटी लागते, आरशात दिसावी तशी. कश्मिरानं प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली त्या कागदाचे फोटो काढले. दिव्याखाली ओळी थोड्या वर आल्या, पण तुटक्या, विरलेल्या. संगणकावर तिनं फोटो सुलटा केला, काळा केला, पांढरा केला. तिला फ्रेंच येत होतं ते बारावीत मार्क पडावेत म्हणून घेतलेलं. त्याची खरी परीक्षा आज होती आणि ती नापास होत होती.

तोक्योच्या निशी-कसाई भागातल्या तिच्या घरात तिचे वडील सदानंद ऑक्टोबरापासून मुक्कामाला होते. साताऱ्याच्या एका दैनिकात त्यांनी अठरा वर्षं शिशाचे खिळे जुळवले होते, आणि खिळे गेल्यावर बावीस वर्षं प्रूफं तपासली होती. रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत जाऊन वर्तमानपत्रांच्या स्टँडपुढे उभे राहत. अक्षर ओ की ठो कळत नसे, पण शाईचा वास घेऊन येत. दुकानातली मुलगी आता त्यांना वाकून नमस्कार करू लागली होती.

"काय डोळे फोडतेयस त्या यंत्रात?" त्यांनी विचारलं.

कश्मिरानं सगळं सांगितलं. मोरितासान, भाता, भिंत. सदानंदांनी चष्मा पुसला.

"मूळ फोटो दाखव. सुलटा नको. उलटाच दे."

कश्मिराचा नवरा अंबरीष कावासाकीच्या ऑफिसातून नुकताच आला होता, अजून बुटांची नाडी सोडत होता. "बाबा, एका क्लिकमध्ये सुलटं होतं हो. उलटं वाचायची काय हौस?"

"जावईबापू, तुमचा क्लिक मोडक्या अक्षराला ओळखतो का? मी ओळखतो. झिजलेला खिळा, कान तुटलेला खिळा, शाई भरून बुजलेला खिळा, अठरा वर्षं सगळे उलटेच बघितलेत. सुलटं झालं की ते मला अनोळखी वाटतात. माणूस जसा पाठीवरून ओळखू येतो ना, तसं."

"पण बाबा, हे फ्रेंच आहे," कश्मिरा म्हणाली.

"मला अर्थाशी काय करायचंय? साताऱ्यातल्या डॉक्टरांच्या इंग्रजी लग्नपत्रिका मीच जुळवायचो. मी अक्षरं सांगतो. तू लिही."

मग ते सुरू झालं. जेवणं झाली की टेबल पुसून सदानंद बसत, हातात भिंग, आणि ओठांशी जुनं काहीतरी गुणगुणत. खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभ्यानं दिवस काढताना माणसांनी आपलीआपली जोडलेली ओवी.

*उलटा गं माझा खिळा, त्याचं काळं काळं तोंड*
*पांढऱ्या रानामंदी, फुटे अक्षराला कोंब*

"यल," ते म्हणत. "मग ए. मग जागा. सी. यू. आय..., थांब, आय नव्हे, यल. नाही, आयच. टिंब दिसलं."

"कुइझीन! बाबा, स्वयंपाकघर!"

"ओरडू नकोस, ओळ हलते. पुढे ए आहे, त्यावर काहीतरी कण पडलाय."

"तो कण नाही, ती त्यांची खूण असते."

"मग मात्रा म्हण. कण काय!"

पहिल्या संध्याकाळी शीर्षक लागलं, 'वर्तमानपत्राचं स्वयंपाकघर, डावीकडून उजवीकडे'. दुसऱ्या संध्याकाळी कात्रीवाला सापडला. कश्मिरानं कोश उघडून मराठीत सांगितलं, "शेजाऱ्याच्या मळ्यातली भाजी आपलीच म्हणून चिरतो."

सदानंद मांडीवर थाप मारून हसले. "आमचा उपसंपादक! पुण्याचे पेपर एस.टी.नं यायचे, हा कात्री घेऊन स्टँडवर हजर. बरं, तो घागरवाला?"

"एका वाटीची दहा ताटं करतो."

"तोही होता आमच्याकडे. रविवारची पुरवणी बघायचा."

अंबरीषही आता खुर्ची ओढून बसू लागला. बदकात हवा भरणारा 'मेलेलं जिवंत म्हणून वाढतो'. मीठवाल्याचं मीठ 'मंत्र्यांच्या घरून येतं'. उजवीकडच्या गुबगुबीत गृहस्थाखाली एवढंच होतं, 'वाचक. त्याला भूक आहे.' पॅरिसची माणसं एकेक करून निशी-कसाईच्या टेबलाशी येऊन बसत होती आणि सदानंद त्यांना साताऱ्याची नावं देत होते.

चौथी ओळ कागदाच्या घडीत गेली होती. तिथे नुसती सुरकुती होती.

"राहू दे," कश्मिरा म्हणाली. "आपल्याला सहावी हवी."

सहावी तिसऱ्या संध्याकाळी लागली. सदानंदांनी शेवटचं अक्षर सांगितलं आणि भिंग खाली ठेवलं. कश्मिरानं दोन शब्द कोशात पाहिले, पुन्हा पाहिले. वेगळा अर्थ कुठे सापडतो का, म्हणून तिसऱ्यांदाही पाहिले.

"भातेवाला," ती वाचू लागली. "जाळ विझू देत नाही. काय शिजतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

अंबरीषनं खुर्ची मागे सारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कोतोला फोन केला. कसं सांगावं, याचे तिनं मनात चार पदर करून ठेवले होते, पण मोरितासाननी "सांगा" म्हटल्यावर एकही पदर हाताला लागला नाही. तिनं ओळ जशीच्या तशी जपानीत वाचली.

पलीकडे चहाच्या किटलीची शिट्टी वाजली आणि बंद झाली.

"असं होय," मोरितासान म्हणाल्या. "तुम्ही फार कष्ट घेतलेत. तुमच्या वडिलांनाही सांगा." आणि मग, "बँकेनं समुद्राचं कॅलेंडर दिलंय. चांगलं मोठं आहे. आकड्याला ते होईल."

कश्मिरा फोन हातात धरून प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहिली. मला हवं होतं ते मला सापडलं, तिला वाटलं, आणि म्हाताऱ्या बाईचा बाप गेला. दुसऱ्यांदा.

घरी आली तेव्हा सदानंद टेबलाशी वर्तमानपत्र पसरून बसले होते. कोन्बिनीतल्या मुलीला रोज नुसता नमस्कार करायचा, याची लाज वाटून त्यांनी आज एक अंक विकत घेतला होता. ते पान उलटत होते, परत उलटत होते, आणि कपाळाला आठी घालत होते.

"हा अंक उलटा बांधलाय गं," ते म्हणाले. "पहिलं पान शेवटी आलंय."

अंबरीष स्वयंपाकघरातून डोकावला. "बाबा, उलटा नाही. इथे पेपर उजवीकडूनच सुरू होतो. उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे."

"सगळे?"

"सगळे."

"पूर्वीपासून?"

"पूर्वी तर आडव्या ओळीसुद्धा उजवीकडून लिहायचे," कश्मिरा म्हणाली. "इथल्या कांदा भागात जुन्या दुकानांच्या पाट्या आहेत ना, त्या अजून तशाच वाचाव्या लागतात. युद्ध संपल्यानंतर हळूहळू..."

ती तिथेच थांबली. सदानंद तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचं एक बोट वर्तमानपत्राच्या उजव्या कडेवर होतं.

"कश्मिरा, त्या बाईंच्या वडिलांनी आयुष्यभर काय वाचलं?"

"प्रूफं."

"मग ते माणसं कुठून मोजतील?"

"पण मोरितासाननी स्वतः डावीकडून..."

"त्या शाळेत शिकल्या. ते प्रेसमध्ये. आठ वर्षांची पोर, शाळा नव्यानं उघडलेली, तिला डावीकडून शिकवलं असणार. बाप म्हणाला सहावा, हिनं आपल्या हिशोबानं सहावा शोधला. आणि आपण काय केलं? आपली बाराखडीही डावीकडूनच, फ्रेंचांचीही डावीकडूनच. आपल्याला शंका यायचं कारणच नव्हतं."

शनिवारी कश्मिरानं घेतलेला चित्राचा फोटो अंबरीषनं फोनवर उघडला आणि उजवीकडून बोट चालवलं. वाचक एक. वाढपी दोन. मीठवाला तीन. भातेवाला चार. बदकवाला पाच.

सहावा, स्टुलावरचा चष्मेवाला. डावीकडून चौथा. ज्याची ओळ घडीत गेली होती.

सकाळी कश्मिरा सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचली. किमोनोच्या कागदाला तिनं बारीक वाफ दिली, दोन काचांमध्ये हलकेच दाबला, चार तास वाट पाहिली. सुरकुती पूर्ण गेली नाही, पण तिनं तोंड उघडलं. दिवा या कडेनं, मग त्या कडेनं, असे अकरा फोटो घेऊन ती तोझाई लाइननं घरी आली. गाडीत बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली.

"यल," सदानंद म्हणाले. "ई. जागा. सी, ओ, आर, पुन्हा आर. दोन आर आहेत, दोघे खांद्याला खांदा लावून. ई. सी. टी..."

कश्मिराला कोश लागला नाही. "मुद्रितशोधक," ती म्हणाली. "बाबा, शब्दच आहे. प्रूफरीडर."

"पुढचं घे."

पुढच्याला तास लागला. मग तिनं ओळ मनात लावली आणि हळू सांगितली.

"आमटीतला केस काढतो. चव घ्यायला त्याला कुणी सांगत नाही."

तिनं चित्राचा फोटो मोठा केला. स्टुलावरच्या माणसाच्या हातात चिमटा होता. चिमट्याच्या टोकाला, केसाहून बारीक, एक केस. चित्रकारानं दगडावर तो एकाच रेघेत ओढला होता. त्या माणसाचा चेहरा किती गंभीर होता! जगात त्या केसाशिवाय दुसरं काही चुकलेलंच नाही, असा.

अंबरीष खुदकन हसला. "बाबा, हे तर तुम्ही."

सदानंद उठले. टेबलावरचा चहाचा कप त्यांनी नेला, धुतला, पुसला, पालथा घातला. "उद्या मला त्या बाईंकडे ने," ते म्हणाले.

मोरितासानच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. चौदाव्या मजल्यावरून कालवा दिसत होता. चौकट भिंतीला टेकून जमिनीवर होती, अजून कशातही न बांधलेली. कॅलेंडर मात्र नळी करून पिशवीत गेलेलं.

कश्मिरानं आधी चूक सांगितली. मोरितासान ऐकत होत्या. मग त्या जमिनीवर बसल्या, वय विसरून, आणि बोट काचेच्या उजव्या कडेला टेकवलं. बोट चालताना त्यांच्या तोंडून आकडे निघत होते, तान्ह्याला थोपटताना निघावेत तसे. सहाव्यावर आलं.

"हे?"

"हे."

कश्मिरानं ओळ वाचली. मोरितासाननी ती पुन्हा वाचायला लावली. मग बराच वेळ त्या चष्मेवाल्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत राहिल्या.

"डावीकडून मोजायला मला नव्या बाईंनी शिकवलं होतं," त्या अखेर म्हणाल्या. "मला त्याचा केवढा अभिमान! वडील जुने, मी नवी." मग त्यांनी कश्मिराकडे पाहिलं. "मला सांगा, हे चांगलं की वाईट? जाळ घातला नाही त्यांनी. पण केसही न सापडता ते सगळं घराघरात गेलं, ते यांच्यामुळे. स्वच्छ. एकही अक्षर न चुकता."

मग मोरितासान सदानंदांकडे वळल्या, भाषा नसताना वळतात तशा, सगळ्या अंगानं.

"विचारा त्यांना. ते याच धंद्यातले ना? विचारा, तुम्ही कधी चव घेतली का?"

कश्मिरानं प्रश्न मराठीत आणला. सदानंद मांडी घालून बसले होते. त्यांनी गुडघ्यावरचा एक धागा उचलला.

"चव कळते," ते म्हणाले. "तिला सांग, जीभ सगळ्यांनाच असते. चव कळत नाही असं नाही होत. एकदा एका मास्तरणीची बातमी आली होती माझ्याकडे. बाई चांगल्या चालीची नाही, पालकांच्या तक्रारी आहेत, वगैरे. ती आमच्याच आळीत राहायची. मला ठाऊक होतं, यातलं काही खरं नाही. हेडमास्तरांना ती जागा आपल्या भाचीला हवी होती. तिचं आडनाव चुकीचं पडलं होतं, पहिली वेलांटी दुसरी हवी होती."



"मग?" कश्मिरानं विचारलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मग काय? वेलांटी दुरुस्त केली आणि पान सोडलं. ते तरी बरोबर छापून आलं पाहिजे ना."

खाली कालव्यातून एक होडी जात होती. कश्मिराला हे जपानीत आणायला वेळ लागला. वेलांटीला शब्द नव्हता, तर तिनं 'नाव नीट केलं' असं म्हटलं. पण मोरितासानना पुरतं कळलं होतं, कारण त्यांनी मान खाली घातली होती.

"त्या बाईंचं काय झालं?"

"बदली करून घेतली. सामान टेम्पोत चढवत होती तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. निरोप द्यायला गेलो नाही."

"आणि तुम्ही त्यानंतर?"

"त्यानंतर चौदा वर्षं नोकरी केली. पण त्या दिवसापासून प्रूफ हातात आलं की मी आधी ते एकदा नुसतं वाचायचो. माणसासारखं. दोन वेळा साहेबांच्या टेबलावर परत नेलं. एकदा त्यांनी ऐकलं, एकदा हाकलून दिलं." ते कसंनुसं हसले. "चाळीस वर्षांत दोनच वेळा. हे काही सांगण्यासारखं नाही."

मोरितासान एकदम म्हणाल्या, "लाल पेन्सिल."

"काय?"

"नोकरी सोडल्यावर वडील रोज सकाळी वर्तमानपत्र आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचे. मला वाटायचं, जुनी सवय, चुका शोधताहेत. शाळेत वाचायला यायला लागलं तेव्हा मी त्यांच्या खुणा तपासल्या. जिथे जिथे खूण होती, तिथे अक्षर बरोबर होतं! रोजच. मी आईला म्हटलं, बाबांचे डोळे गेले. आई म्हणाली, बोलू नकोस त्यांना. आम्ही दोघींनी मिळून ती गोष्ट झाकली, पंधरा वर्षं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ते अक्षरं बघतच नव्हते."

कश्मिरानं हे बाबांना सांगितलं. सदानंदांनी चौकटीतल्या चष्मेवाल्याला, जुन्या ओळखीच्याला करावा तसा, हात जोडून नमस्कार केला. मोरितासाननी ते पाहिलं, आणि त्यांनीही दोन्ही तळवे जमिनीला टेकवून त्याच दिशेनं मान झुकवली.

शुक्रवारी वृद्धाश्रमाच्या खोलीत आकडा होता, पण वर चढायला कुणी नव्हतं, म्हणून अंबरीष अर्धी रजा टाकून आला होता. मोरितासान पलंगावर आडव्या झाल्या, उशीवर डोकं ठेवलं, आणि तिथून हुकूम सोडू लागल्या.

"थोडं खाली. अजून. दोरी लांब करा."

"दिसतात का वडील?" कश्मिरानं विचारलं.

"दिसतात. चिमटासुद्धा दिसतो." त्यांनी सहाव्यापासून हवेतच बोट मागे मोजत नेलं. "पण एक सांगा. वडिलांच्या मोजणीत सहावे ते. मग पहिला कोण?"

कश्मिरानं उजव्या कडेकडे पाहिलं. गळ्याला रुमाल, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"पहिला वाचक," ती म्हणाली. "त्याला भूक आहे."

"म्हणजे आम्ही," मोरितासान म्हणाल्या. "रोज सकाळी वर्तमानपत्र लढाई जिंकायचं आणि आम्ही भात खायचो. मला फार आवडायचं." त्यांनी उशीवर डोकं थोडं सरकवलं. "अंबरीषसान, चौकट जरा डावीकडे घ्या. पहिला कपाटाआड जातोय. मला तोही दिसला पाहिजे."

अंबरीषनं चौकट डावीकडे सरकवली.